उन्हाळ्यात पाणी किती, कधी आणि कसं प्यायचं: विदर्भातल्या गावांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की विदर्भात ऊन चढू लागतं आणि मृगाचा पाऊस बसेपर्यंत उतरत नाही. अकोला, वर्धा, नागपूर, ब्रह्मपुरी, चंद्रपूर या भागांत पारा ४५ अंशांपुढे जाणं नवीन नाही. याच दिवसांत पऱ्हाटी उपटायची असते, वखरणी असते, रोहयोची (रोजगार हमी योजनेची) कामं निघतात, मोहफुलं वेचायची असतात आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा असतो. खालचे प्रश्न अशी कामं करणाऱ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे आहेत.

तहान लागली की आम्ही पाणी पितोच. तेवढं पुरत नाही का?

घरात, सावलीत बसलेल्या धडधाकट माणसाला पुरतं. वावरात पुरत नाही. तहान उशिरा लागते. ती जाणवेपर्यंत शरीरातलं बरंच पाणी गेलेलं असतं. ६० किलो वजनाच्या माणसाचं एक लिटर पाणी कमी झालेलं असलं, तरी हात कामात असले की त्याला ते कळत नाही. शिवाय दोन पेले पोटात गेले की तहान लगेच शमते. ते पाणी रक्तात पोचायच्या आधीच मेंदू ‘पुरे’ म्हणतो, आणि तूट तशीच राहते.

विदर्भात आणखी एक गोष्ट घडते. एप्रिल-मेमधली आपली हवा इतकी कोरडी असते की घाम आला तसा उडून जातो. कोकणातल्या माणसाचा सदरा भिजतो, आपला भिजत नाही. म्हणून ‘मला घामच येत नाही’ असा समज होतो. दुपारी सदऱ्याच्या पाठीवर आणि टोपीच्या कडेला पांढरे पट्टे उमटलेले दिसले, तर ते घामातलं मीठ आहे. घाम आला होता, फक्त तो दिसला नाही.

म्हणून उन्हातल्या कामात पाणी घड्याळाच्या हिशोबाने प्यायचं.

मग नेमकं किती?

उन्हात अंगमेहनतीचं काम असेल तर दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर. तासाला हे पाऊण ते एक लिटर होतं. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये, त्याचं कारण पुढे दिलं आहे. घरी सावलीत असणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसभरात साधारण अडीच ते साडेतीन लिटर लागतं, त्यात ताक, चहा, वरण हे सगळं धरलेलं आहे.

आता वावराचा हिशोब करा. सकाळी ६ ते ११ काम असेल तर पाच तासांत एका माणसाला चार ते पाच लिटर लागतात. चार माणसं असतील तर १६ ते २० लिटर. प्रत्यक्षात चौघांत मिळून पाच लिटरची एक कॅन नेली जाते आणि ९ वाजता ती रिकामी होते. विहीर लांब असली की मग घरी परतेपर्यंत कोणी पीत नाही. पाणी कमी पडतं ते बहुतेक वेळा असं, सकाळी निघतानाच.

घरून निघण्याआधी अर्धा लिटर हळूहळू पिऊन निघा. रात्री मात्र एकदम तांब्याभर पिऊन ‘भरपाई’ होत नाही, त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. जेवताना आणि जेवणानंतर थोडं थोडं घेतलेलं अंगी लागतं.

आपला घाम नेमका किती जातो हे पाहायचं असेल तर धान्याच्या काट्यावर कामाआधी आणि कामानंतर वजन करा. जितकं वजन उतरलं त्यात मधे प्यालेलं पाणी मिळवा, तेवढा घाम गेला. एक किलो वजन उतरलं म्हणजे एक लिटर पाणी कमी पडलं. एकदोन दिवस केलं तरी अंदाज बसतो.

पाणी कमी पडतंय हे ओळखायची सोपी खूण कोणती?

लघवी. फिकट पिवळी, गवताच्या काडीच्या रंगाची असेल तर ठीक. गडद पिवळी किंवा काळ्या चहासारखी, थोडीशी आणि जळजळ करणारी असेल तर पाणी कमी आहे. सकाळची पहिली लघवी गडदच असते, तिच्यावरून ठरवू नका. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनीही रंग भडक पिवळा होतो. दिवसा सहा तासांत एकदाही लघवी झाली नसेल, तर काम थांबवून सावलीत बसायची वेळ झाली आहे.

बाकी खुणा म्हणजे डोकं दुखणं, तोंडाला कोरड, उठताना अंधारी येणं, चिडचिड, पोटऱ्यांना गोळे. पुरेसं पाणी पिऊनही लघवी लाल किंवा चहासारखी गडद होत असेल, तर दवाखान्यात दाखवा. अतिश्रमाने स्नायूंना इजा झाली किंवा मूत्रपिंडाला त्रास झाला तरी असं होतं.

बायका वावरात मुद्दाम कमी पाणी पितात. त्याचं काय करायचं?

आडोसा नाही म्हणून तहान मारणं, हे उन्हाळ्यातल्या आजारांचं मोठं आणि न बोललं जाणारं कारण आहे. तुंबलेल्या, गडद लघवीमुळे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, मुतखड्याची शक्यता वाढते. गरोदरपणात हा संसर्ग आईला आणि पोटातल्या बाळालाही धोक्याचा असतो.

यावरचा उपाय उपदेशाने होत नाही, आडोशाने होतो. चार बांबू आणि जुन्या साड्या किंवा शेडनेटचा तुकडा यांत बांधाच्या कडेला आडोसा उभा राहतो. कामावर बायका असतील तर माणसं आणि पाणी यांच्याबरोबर याचीही सोय वावराच्या मालकाने करायला हवी. रोहयोच्या कामावर पिण्याचं पाणी आणि सावली पुरवणं बंधनकारक आहे, ती मागायला संकोच नको. दूध पाजणाऱ्या आईला रोज पाऊण लिटर पाणी जास्त लागतं, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावं.

नुसतं पाणी प्यावं की मीठ-साखर घालून?

दोन वेळा नीट जेवत असाल आणि काम तीन-चार तासांचं असेल तर नुसतं पाणी चालतं. भाकरीबरोबरचं वरण, भाजी, ठेचा, लोणचं यातून मीठ मिळतंच. पण एक लिटर घामात साधारण १ ते ४ ग्रॅम मीठ जातं. दिवसभर उन्हात काम, सकाळी चहावरच घराबाहेर पडणं आणि वर नुसतं पाणी, असं झालं की मीठ कमी पडतं आणि गोळे येतात. अशा दिवशी निम्मं पाणी आणि निम्मं ताक, पन्हं किंवा मीठ घातलेलं लिंबूपाणी असा मेळ ठेवा. न्याहारी करूनच निघा. मिठाच्या कोरड्या गोळ्या किंवा चिमूटभर मीठ तसंच तोंडात टाकणं नको, त्याने मळमळतं आणि उलटी होऊन आहे तेवढंही जातं.

ओआरएस नेमकं कसं करायचं? पुडी नसेल तर?

ओआरएस म्हणजे शरीरातलं गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारं मीठ-साखरेचं द्रावण. त्याची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती पूर्ण लिटरभर पिण्याच्या पाण्यात एकदम घालायची. विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली हे घरात सापडणारं सगळ्यात भरवशाचं माप आहे. लहान पुडी २०० मिलिलिटरची असते, पुडीवर लिहिलेलं वाचा. घरातला स्टीलचा पेला १५० चा की ३०० चा, हे बाटलीने एकदा मोजून घ्या.

चुका ठरलेल्या असतात. मोठ्या पुडीतली चिमूटभर पावडर पेल्यात टाकतात. पुडीतले क्षार आणि साखर सारखे मिसळलेले असतीलच असं नाही, त्यामुळे एकदा जास्त मीठ जातं, एकदा नुसती साखर. काहीजण चव लागावी म्हणून वरून साखर घालतात. साखर वाढली की ती आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. पाणी कमी घेतलं तर मीठ जास्त होतं, लहान बाळाला ते धोक्याचं आहे. तयार केलेलं द्रावण उकळायचं नाही, झाकून ठेवायचं आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा ५ मिलिलिटरचा, म्हणजे चहाचा. ‘सपाट’ हा शब्द महत्त्वाचा, कारण शिगोशीग चमच्यात जवळपास दुप्पट मीठ येतं. करून झालं की चाखून बघा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्याने करा. लिंबू पिळलं तर चव येते, पण पुडीतलं पोटॅशियम आणि सायट्रेट या घरगुती पाण्यात नसतं. म्हणून पुडी मिळाली की पुडीच वापरा.

साखर आणि मीठ ठरलेल्या प्रमाणात असले तर आतडं दोन्ही बरोबर ओढून घेतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं, हे या औषधाचं सगळं मर्म. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव इथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर हेच पाणी कॉलऱ्याच्या रुग्णांना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण एकदम खाली आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. हे आकडे पुडीच्या मागे छापलेले असतात, घेताना पडताळून पाहा. आशाताईंकडे, उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पुड्या मोफत मिळतात.

धडधाकट माणसाने रोज ओआरएस प्यायलं तर चालतं का?

गरज नाही. एक लिटर ओआरएसमधून जवळजवळ साडेचार ग्रॅम मिठाइतकं सोडियम पोटात जातं. दिवसभर वीटभट्टीवर किंवा तेंदूच्या जंगलात घाम गाळलेल्या माणसाला एखादा लिटर उपयोगी पडेल. पंख्याखाली बसलेल्याला ते पाण्यासारखं पिण्याचं कारण नाही, आणि बीपी असलेल्याने तर नाहीच.

दुकानात मिळणाऱ्या गोड डब्यांचं काय?

फळाच्या चवीच्या डब्यांवर वर्षानुवर्षे ‘ओआरएस’ ही अक्षरं मिरवली गेली आणि आयाबायांनी ती औषध समजून जुलाब झालेल्या लेकरांना पाजली. त्यांत साखर खऱ्या ओआरएसच्या कितीतरी पट असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. जुना माल किंवा मिळतंजुळतं नाव दिसलं तर फसू नका. औषधाच्या दुकानातून ‘जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार’ असं लिहिलेली पुडीच मागा.

ताक, पन्हं, आंबील यांची मापं सांगाल का?

ताक: एक वाटी दही, चार वाट्या पाणी, सपाट पाव ते अर्धा चमचा मीठ, भाजलेलं जिरं. लोणी काढलेलं पातळ ताकच वावरात न्यावं. ते चार तासांत आंबतं, म्हणून मडक्यात किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बरणीत न्या आणि सकाळीच संपवा.

पन्हं: पाव किलो कैऱ्या उकडा किंवा चुलीच्या राखेत भाजा. गर काढून त्यात १०० ते १२५ ग्रॅम गूळ, सपाट एक चमचा मीठ, जिरेपूड. सव्वा ते दीड लिटर पाण्यात कालवा. हे काही औषध नाही, पण गूळ-मीठ-आंबट असल्याने माणूस आवडीने दोन पेले जास्त पितो, आणि खरा फायदा तोच आहे.

आंबील: ज्वारीचं पीठ दोन मोठे चमचे वाटीभर ताकात रात्री भिजवा. सकाळी लिटरभर पाणी उकळून त्यात हे मिश्रण हलवत ओता, अर्धा चमचा मीठ घाला, दहा मिनिटं शिजवा. थंड झाली की पातळ करून प्या. पाणी, मीठ आणि पीठ एकत्र मिळतं, पोटाला आधार राहतो. न्याहारीला वेळ नसणाऱ्यांसाठी याहून चांगलं दुसरं काही नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तेच काम तांदळाची पेज करते. पेजेत मीठ विसरू नका.

टरबूज, डांगर, काकडी यांत ९० टक्के किंवा त्याहून जास्त पाणी असतं. अर्धा किलो टरबुजाचा गर खाल्ला तर जवळपास अर्धा लिटरच पाणी पोटात जातं. कापून उघड्यावर माशा बसलेल्या फोडी घेण्यापेक्षा अख्खं फळ आणून घरी कापा.

चहा, थंड पेय, उसाचा रस, दारू?

चहाने पाणी कमी होतं हा समज अतिशयोक्त आहे. दोन-तीन कप पाण्यातच धरा. बाटलीबंद थंड पेयात १०० मिलिलिटरला दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. त्याने गोड लागून तहान मारली जाते, भरून काही निघत नाही. रसवंतीवरचा रस ताजा असेल तर एक पेला घ्यायला हरकत नाही, पण बर्फाशिवाय. सगळा बर्फ खाण्यासाठी बनवलेला नसतो. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळसर रंग घालायचा नियम आहे. तो रंग दिसला तर हात लावू नका. नसला तरी बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कळत नाही.

दारू मात्र नकोच. मोहाची असो की देशी, ती लघवी वाढवते, तोल आणि भान घालवते, आणि उन्हात पडलेला माणूस प्यायलाय की उष्माघाताचा आहे हे कुणाला कळत नाही. त्यात मोलाचा वेळ जातो. लग्नसराईत भर दुपारच्या वरातीत नाचणाऱ्यांबाबत हे विशेषकरून लक्षात ठेवावं.

वावरात पाणी थंड कसं ठेवायचं?

प्लॅस्टिकच्या कॅनला ओला बारदाना गुंडाळा, सुतळीने बांधा, झाडाच्या सावलीत वारा लागेल अशा जागी टांगा आणि दर तासाला बारदान्यावर पाणी शिंपडा. ओलावा उडताना उष्णता घेऊन जातो, माठ आणि छागल (पाण्याची कापडी पिशवी) याच तत्त्वावर चालतात. आपल्या कोरड्या हवेत हा उपाय उत्तम लागू पडतो. कॅन जमिनीत पुरली किंवा बैलबंडीखाली ठेवली तरी चालेल, पण वारा नसेल तर ओल्या बारदान्याचा फायदा होत नाही.

नवा माठ रात्रभर पाण्यात भिजवून, पहिलं पाणी ओतून वापरायला काढा. बाहेरून ऑइलपेंट लावला की छिद्रं बुजतात आणि पाणी थंड होत नाही. क्षाराच्या पाण्यानेही छिद्रं बुजतात. तेव्हा काथ्याने, साबण न लावता घासा. तरी फरक पडला नाही तर माठ बदला. हात बुडवून पाणी काढू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. उन्हाळ्यातल्या हगवणीचं मूळ पुष्कळदा माठात बुडालेल्या हातात असतं.

एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. फवारणीच्या औषधाची रिकामी कॅन किंवा बाटली कितीही धुतली तरी पाण्यासाठी वापरू नका. प्लॅस्टिक ते विष शोषून घेतं आणि ऊन लागलं की पाण्यात सोडतं. रिकामी झाली त्याच दिवशी तिला भोकं पाडा, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही.

आमचं पाणी खारं आहे. तेच जास्त प्यायलं तर मीठ मिळेल ना?

नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार खूप असतात. ते मीठ-साखरेच्या द्रावणासारखं मापात नसतं. चव वाईट असल्याने माणसं पाणीच कमी पितात, आणि मुतखड्याच्या तक्रारीत त्या कमी पिण्याचा मोठा वाटा असतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत फ्लोराइडचा प्रश्न आहे. त्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर १.५.

पाणी उकळल्याने जंतू मरतात. क्षार आणि फ्लोराइड जात नाहीत, उलट पाणी आटून थोडे वाढतात. अशा गावांत नळयोजनेचं किंवा शुद्धीकरण यंत्राचं पाणी पिण्यापुरतं वेगळं ठेवा. वीस लिटरच्या थंड कॅनचं पाणी थंड आहे म्हणून शुद्ध आहे, असं धरू नका. ग्रामपंचायतीमार्फत पाण्याची तपासणी करून घेता येते. विहिरीचं पाणी असेल तर क्लोरीन टाकून अर्धा तास थांबून प्या. थेंब किंवा गोळ्या किती, ते बाटलीवर लिहिलेलं असतं आणि आशाताईही सांगतात.

उन्हातून आल्या आल्या थंड पाणी प्यायलं तर बाधतं का?

थंड पाण्याने उष्माघात होत नाही. उलट गार पाणी जास्त प्यायलं जातं आणि शरीर थोडं निवतं. एका दमात लिटरभर ढोसलं तर पोटात कळ येते, उलटी होते, बाधतं ते एवढंच. आधी सावलीत बसा, तोंडावर पाणी मारा, मग घोट घोट घ्या. आपल्याकडे आल्यागेल्याला आधी गूळ आणि मग पाणी देतात, त्यात माणूस आपोआप दोन मिनिटं थांबतो.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात.

खिशातला कांदा काही करत नाही. भाकरीबरोबर खाल्ला तर थोडं पाणी मिळतं. डोक्याला बांधलेला दुपट्टा खूप जास्त कामाचा आहे, तो ओला केला तर आणखीच.

लहान लेकरांना किती पाजावं?

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. ४५ अंशांतही वरचं पाणी, ग्राइपवॉटर, मधपाणी काही नको. दुधात पाणी असतंच, बाळ जास्त वेळा मागेल तेव्हा जास्त वेळा पाजा आणि आईला पाणी द्या. सहा महिन्यांनंतर उकळून गार केलेलं पाणी वाटी-चमच्याने द्यावं. मोठी मुलं खेळात तहान विसरतात, त्यांना अर्ध्या तासाने हाक मारून पाजावं लागतं.

जुलाब असतील तर प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर ओआरएस, त्याहून मोठ्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करा. सोबत झिंकची गोळी १४ दिवस: २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत २०. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करा. टाळू खोल जाणं, रडताना अश्रू न येणं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसणं, बाळ मलूल होणं किंवा प्यायला न मागणं यातलं काही दिसलं तर वाटेत ओआरएस पाजत दवाखाना गाठा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आणि गोळ्या चालू असलेल्यांचं?

वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते. टिनाच्या छपराखाली दिवसभर बाजेवर पडलेल्या आजीला ‘पाणी हवं का’ विचारलं तर ‘नको’ म्हणेल. विचारू नका, पेला हातात द्या. सकाळी दोन लिटरच्या बाटल्या भरून ठेवल्या की संध्याकाळी किती संपलं हे दिसतं. ४० अंशांच्या वर गेल्यावर नुसता पंखा अंगावर गरम वाराच मारतो. अंग किंवा लुगडं ओलं करून मग पंखा लावला तर गारवा मिळतो.

बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, मनाच्या आजाराची काही औषधं घाम कमी करतात, साखरेचा आजार ताब्यात नसेल तर लघवीवाटे पाणी जातं. अशांनी उन्हाळा लागतानाच डॉक्टरांना मात्रेबद्दल विचारावं, मनाने गोळी बंद करू नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असेल, तर या पानावरची मापं तुमच्यासाठी नाहीत. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी नारळपाणीही विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

पुण्या-मुंबईहून सुट्टीत आलेल्या पोरांना लगेच ऊन का लागतं?

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. बाहेरून आलेल्याला किंवा आजारातून उठलेल्याला पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्शाइतकंच काम द्या, मग रोज तेवढंच वाढवत न्या. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात धोक्याचे असतात.

ऊन लागलं आणि उष्माघात झाला, यात फरक काय? काय करायचं?

ऊन लागलेला माणूस थकतो, घामाघूम होतो, डोकं दुखतं, मळमळतं, पण शुद्धीवर असतो आणि नीट बोलतो. त्याला सावलीत झोपवा, पाय थोडे उंच करा, कपडे सैल करा, ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबूपाणी घोटघोट द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना.

उष्माघातात भान जातं. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, झटके येतात, बेशुद्ध पडतो, आणि शरीराचं आतलं तापमान ४० अंश सेल्सियस किंवा वर गेलेलं असतं. कातडी कोरडीच असेल असं नाही. काम करता करता उष्माघात झालेल्याचं अंग घामाने भिजलेलंही असतं, म्हणून ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ असं समजू नका. इथे पाणी पाजणं हा उपचार नाही. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो.

एकाने १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी तिथेच अंग गार करायला लागायचं. सावलीत सुतळीच्या बाजेवर झोपवा, म्हणजे पाणी खाली गळतं आणि खालूनही वारा लागतो. अंगावरचे जाड कपडे काढा. मोटारीच्या पाइपने, बादलीने, मिळेल तसं पाणी सतत ओता आणि पंख्याने किंवा दुपट्ट्याने जोरात वारा घाला. काळ्या पाइपातलं पहिलं पाणी उकळतं असतं, ते आधी सोडून द्या. फवारणीचा पंप वापरू नका. बर्फ असेल तर फडक्यात बांधून मान, काखा आणि जांघांत ठेवा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. तापाची गोळी देऊ नका. हा ताप जंतूंचा नाही, तिचा उपयोग होत नाही आणि यकृताला त्रास होतो. गाडी आली तरी वाटेत ओलं फडकं आणि वारा चालू ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती गार झालं, यावर पुष्कळ काही ठरतं.

पाणी जास्त झालं तरी त्रास होतो का?

होतो. जेवण न करता तासाला दीड लिटरपेक्षा जास्त नुसतं पाणी काही तास पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, उलटी, गोंधळ, झटके अशी लक्षणं येतात आणि ती ऊन लागल्यासारखीच दिसतात. फरक एवढाच की हा माणूस भरपूर पाणी प्यायलेला असतो आणि लघवी पाण्यासारखी पांढरी असते. त्याला आणखी पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या आणि किती प्यायला ते सांगा.

बैलांना, गाईंना?

मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला ५० ते ७० लिटर लागतात, दुभत्याला त्याहून जास्त. दिवसातून तीन-चारदा दाखवा, टाकी सावलीत ठेवा. उन्हाने तापलेल्या सिमेंटच्या हौदातलं पाणी जनावर नीट पीत नाही.

जूनमध्ये ढग आले की पारा उतरतो, तरी जास्त का गळून जायला होतं?

हवेत दमटपणा येतो म्हणून. घाम वाहतो पण उडत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. कूलर आणि माठ दोन्ही निकामी होतात, ओला बारदानाही काम करत नाही. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सरला म्हणून माणसं पाण्याची कॅन घरी ठेवू लागतात आणि नेमकी याच दिवसांत पेरणीची घाई असते. या काळात घाम दिसतो, मीठही जास्त जातं. दर २० मिनिटांचा पेला तसाच चालू ठेवा, ताकात मीठ असू द्या आणि तासाला दहा मिनिटं वारा लागेल अशा जागी बसा. पावसाची झड लागून हवा खरोखर गार झाली की मग पुन्हा तहानेवर सोडायला हरकत नाही.